तरव्याला तरवाच लिहू द्या

गेल्या श्रावणात आमच्या भागातील एका माध्यमिक शाळेने निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘आमच्या गावचा पावसाळा’. शाळेला बाहेरचा परीक्षक हवा होता. मी कृषी विस्ताराचे काम करणारा माणूस, पावसाचा आणि माझा संबंध रोजचा, म्हणून मुख्याध्यापकांनी मला गळ घातली. एक्केचाळीस निबंधांचा गठ्ठा घेऊन मी घरी आलो.

पहिले दहा-बारा निबंध वाचून झाले आणि ध्यानात आले की, साऱ्यांच्या गावात पाऊस एकसारखाच पडतो. धरतीमाता हिरवा शालू नेसते, झाडे-वेली आनंदाने डोलू लागतात, मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचतो आणि बळीराजा सुखावतो. अक्षर सुंदर, शुद्धलेखन बिनचूक. परंतु निबंधावरचे गावाचे नाव झाकले तर हा पाऊस रत्नागिरीचा की सोलापूरचा, हे कोणालाही सांगता आले नसते.

गठ्ठ्याच्या मध्यावर आठवीतल्या एका मुलाचा निबंध निघाला. अक्षर यथातथाच. त्याने लिहिले होते की, मिरगाच्या आधी घरच्यांनी कवळ आणि शेण पसरून दाढ भाजली. पुढे तरवा वीतभर झाला, तेव्हा आई आणि काकी तो उपटून मुठी बांधू लागल्या. खेकड्यांनी बांध पोखरला, खाचराचे पाणी फुटले आणि आजोबा रात्री बॅटरी घेऊन बांध बुजवायला गेले. ते परत येईपर्यंत आजी चुलीशी जागी बसली होती.

वर्गशिक्षकांनी निबंध आधी तपासून दिले होते. या निबंधात ‘कवळ’, ‘दाढ’, ‘तरवा’ या तिन्ही शब्दांभोवती लाल वर्तुळे होती. समासात ‘अशुद्ध शब्द’ असा शेरा होता आणि ‘तरवा’च्या जागी ‘रोपे’ असा बदल सुचवला होता. खरे सांगतो, ती लाल वर्तुळे पाहून मीही तो निबंध खालच्या गठ्ठ्यात ठेवला. रात्री अंथरुणावर पडलो आणि तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. सकाळी उठून पहिले काम केले ते म्हणजे तो निबंध वर काढला.

एका शब्दापायी गेलेला मोहोर

मी मूळचा घाटावरचा. बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो आणि पहिल्या काही वर्षांतच रत्नागिरीत आलो. पुस्तके पाठ होती, पण इथली बोली कानाला नवी होती. एका पौषात एक वयस्क बागायतदार माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, मोहरावर खार पडलाय. काय मारू?”

आमच्याकडे खार म्हणजे एक तर झाडावर पळणारी खार, नाही तर खारटपणा. त्यांची बाग समुद्राकडच्या उतरणीवर. मी मनाशी हिशेब मांडला की, खाऱ्या वाऱ्याने मोहोर धरला असावा. बागेत न जाताच सांगून मोकळा झालो, “तात्या, स्वच्छ पाण्याने मोहोर धुऊन काढा, दुसरे काही नको.”

दहाएक दिवसांनी मी त्या वाटेने गेलो तेव्हा मोहोर काळा पडून गळाला होता. झाडाखाली उभा राहिलो तर तुडतुड्यांचा आवाज टपटप पावसासारखा येत होता. इथल्या बोलीत ‘खार पडणे’ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि मधासारखा चिकट द्रव टाकतात. तो पानामोहोरावर चकाकतो आणि पुढे त्याच्यावर काळी बुरशी चढते. म्हणजे तात्यांनी दोन अक्षरांत रोगाचे अचूक निदान मला सांगितले होते. वेळेवर तुडतुड्यांचा बंदोबस्त केला असता तर बराचसा मोहोर वाचला असता.

तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत, पण तुम्हाला कळलं नाही.” ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. त्या वर्षीपासून मी खिशात एक छोटी वही ठेवू लागलो. नवा शब्द कानावर पडला की लिहायचा, आणि तो ज्या वस्तूचा असेल ती वस्तू डोळ्यांनी पाहायची.

शब्द म्हणजे शिवाराची ओळख

बंधू-भगिनींनो, ‘रोपे’ हा शब्द चुकीचा नाही. परंतु रोप मिरचीचे असते, कलमासाठी लावलेल्या आंब्याचे असते, फुलझाडाचेही असते. तरवा म्हणजे दाढीत उगवलेले, उपटून लावायचे भाताचे कोवळे रोप. मुलाने ‘तरवा’ लिहिले की त्या एका शब्दात पीक, जागा आणि हंगाम तिन्ही आले. ‘रोपे’ लिहून तेवढेच सांगायचे तर अर्धी ओळ खर्ची पडते.

आपल्या जमिनीचेच पाहा. शाळेच्या पुस्तकात ‘पठार’ असते. आपल्याकडे सडा असतो, सड्यावर उघडा कातळ असतो, उतरणीवर नाचणी-वरीची वरकस जमीन असते, खाली भाताचे खाचर असते, आणि खाडीच्या काठाला भरतीचे खारे पाणी घेणारे खाजण असते. ही नुसती नावे नव्हेत. कोणत्या जागी काय पिकेल आणि पाणी कुठे थांबेल, हे त्या नावांतच सांगून ठेवलेले आहे.

पावसाचे तसेच. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्याला ‘जोरदार पाऊस’ या वर्गात धरते. हा आकडा उपयोगी आहे आणि तो मुलांना माहीत असलाच पाहिजे. परंतु सर, झड, भुरभुर, रिपरिप, उघडीप, वळीव हे शब्द त्या आकड्यात मावत नाहीत. पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस यांतला फरक आपल्या आजोबांना पर्जन्यमापकाविना कळत असे.

आणि उपमा म्हणाल तर आंब्याच्या फवारणीचे वेळापत्रक काढून पाहा. फळ वाटाण्याएवढे, सुपारीएवढे, कोंबडीच्या अंड्याएवढे, अशी मापे आम्ही विस्तारवाले सांगतो. स्वयंपाकघरातली आणि पानाच्या डब्यातली ही मापे कोणालाही न चुकता समजतात. चांगल्या निसर्गलेखनातली उपमा अशीच असते. ती वाक्य सजवत बसत नाही, वस्तू डोळ्यांपुढे उभी करते.

मोठे लेखक कुठे शिकले?

हे केवळ माझे मत नाही. आपल्या भाषेत ज्यांनी निसर्ग लिहिला, त्यांनी शब्द कुठून आणले ते पाहू.

मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे. वनखात्यात नोकरी करून त्यांनी आयुष्य रानात काढले. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशी त्यांची रानशाळा. पक्ष्यांची, झाडांची, वाटांची नावे त्यांनी आदिवासी, पारधी, कोळी, वनरक्षक अशा जाणत्यांना विचारून टिपली. जुने ग्रंथ वाचता यावेत म्हणून ते संस्कृतही शिकले. जिथे मराठीत शब्द नव्हता तिथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ ही नावे त्यांचीच. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. वनाधिकारी असूनही ते जन्मभर विद्यार्थी राहिले, हे मला त्यांच्याकडून घेण्यासारखे वाटते.

दुर्गा भागवत मुंबईत राहणाऱ्या. त्यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली निघाले. चैत्रापासून एकेक मराठी महिना घेऊन त्या महिन्यात झाडे, फुले, आकाश कसे पालटते ते त्यांनी लिहिले. शहरात राहून हे साधते, तर दाराशी फणस आणि मागे सडा असलेल्या आपल्या मुलांना का साधू नये?

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना ओव्या जुळत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. घरात कोणी वही उघडली नसती तर मराठी भाषा केवढ्या धनाला मुकली असती!

आपला रत्नागिरी जिल्हाही यात मागे नाही. दापोली तालुक्यातील मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करीत, परंतु ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि पुढच्या कादंबऱ्यांत त्यांनी आपल्या मुलखाची माणसे, माती आणि बोली उभी केली. त्याच तालुक्यातील पालगडला १८९९ साली जन्मलेले साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले. शिकवता शिकवता ते रोज लिहीत होते. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून झाली, पण त्यामागे अशा रोजच्या लिहिण्याची मशागत होती. जमीन वर्षभर कसली तरच पेरणी चार दिवसांत आटपते.

‘अशुद्ध’ कशाला म्हणायचे?

स्पर्धेच्या निकालाआधी मी त्या वर्गशिक्षकांना भेटलो. गृहस्थ तळमळीचे. ते म्हणाले, “साहेब, उद्या बोर्डाच्या परीक्षेत हा मुलगा ‘दाढ’ लिहील आणि तपासणाऱ्याला ती दातांतली दाढ वाटेल. मार्क कोणाचे जातील?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मीच नाही का ‘खार’ ऐकून फसलो?

मी त्यांना म्हटले, “गुरुजी, शब्द खोडण्यापेक्षा त्याला ओळखपत्र देऊ या. मुलगा पहिल्यांदा ‘दाढ’ लिहील तेव्हा त्याच वाक्यात सांगेल की, भाताचे बी पेरण्यासाठी कवळ, पातेरा आणि शेण जाळून भाजलेली ही जागा. एकदा सांगितले की पुढे बिनधास्त वापरील. व्याकरण आणि शुद्धलेखन मात्र पक्के हवे, तिथे सूट नाही.”

मग आम्ही दोघांनी मिळून दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडला. १९३२ ते १९३८ या काळात हा कोश सात भागांत निघाला. त्यात अनेक शब्दांपुढे कंसात ‘को.’ म्हणजे कोकणातला, ‘राजा.’ म्हणजे राजापूरकडचा, अशा खुणा आहेत. आपल्या राजापूरचे शब्द कोशकारांनी मानाने नोंदवले. कोशाला जे अशुद्ध वाटले नाही, ते आपण का खोडावे? गुरुजींनी हसून लाल पेन खिशात ठेवले. पहिला क्रमांक त्या मुलाला गेला, आणि शाळेच्या फलकावर दर सोमवारी ‘गावचा एक शब्द’ लिहायचे ठरले.

शब्द जाण्याची काळजी आपल्यालाच पडली आहे असे नाही. इंग्लंडात लहान मुलांच्या एका ऑक्सफर्ड शब्दकोशातून २००७ च्या आवृत्तीत खंड्या पक्षी, पाणमांजर यांसारखी निसर्गातली बरीच नावे वगळली आणि ‘ब्लॉग’, ‘ब्रॉडबँड’ असे शब्द घातले. २०१५ मध्ये २८ लेखकांनी पत्र लिहून त्याला हरकत घेतली. रॉबर्ट मॅकफर्लेन या लेखकाने आणि जॅकी मॉरिस या चित्रकर्तीने २०१७ साली अशा हरवलेल्या शब्दांवर मुलांसाठी एक पुस्तकच काढले.

आपल्याकडे वस्तू गेली की शब्द जातो. इरले गेले, प्लॅस्टिकचा कागद आला. राब भाजण्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे करा, असे आम्हीच सांगतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. परंतु राब भाजायचे सोडा असे सांगणाऱ्याने ‘राब’ हा शब्दही जाळा असे सांगितलेले नाही. तो वहीत राहू द्या.

मुलांनी काय करावे?

पिकाचे वेळापत्रक सांगावे तशी ही काही कामे सांगतो. खर्च एका वहीचा आणि पेन्सिलीचा.

१. एक झाड किंवा एक जागा धरावी. दारचा फणस, विहिरीचा काठ, गडग्याचा कोपरा, काहीही चालेल. आठवड्यातून दोनदा तिथे दहा मिनिटे बसून जे दिसेल ते तारीख घालून लिहावे. वर्षभराने त्या वहीचे मोल कळेल.

२. नाव विचारल्याशिवाय ‘एक पक्षी’, ‘एक झाड’ असे लिहू नये. भारद्वाजाला कोणी कुकुडकुंभा म्हणतात. पावसाळ्यात सड्यावर उमलणाऱ्या इवल्या निळ्या-जांभळ्या फुलांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. गावातले नाव आणि पुस्तकातले नाव दोन्ही लिहावीत.

३. डोळ्यांबरोबर कान, नाक, हातही लिहिते करावेत. पहिल्या पावसानंतर शेणखताचा वास कसा येतो? चिखळणीच्या वेळी पायाला चिखल गार लागतो की कोमट? असे प्रश्न स्वतःला विचारावेत.

४. लिहून झाल्यावर उसनी वाक्ये खोडावीत. “पावसाने सर्वत्र आनंदीआनंद झाला” हे वाक्य कोणत्याही गावात चालते, म्हणून ते खोडावे. “दुपारी सर आली आणि पन्हाळीखाली ठेवलेली कळशी चहा होईपर्यंत भरली” हे आपण पाहिलेले, ते ठेवावे.

५. लिहिलेले घरात मोठ्याने वाचून दाखवावे, आणि तेही ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे त्याला. लावणीवर लिहिले तर आईला, जाळ्यावर लिहिले तर मासेमारी करणाऱ्या काकांना. ते म्हणतील, “असं नसतं रे!” तेव्हा रुसू नये. ती चूक सुधारली की लेखन एक पायरी वर चढते.

६. महिन्याकाठी एक चांगले पुस्तक वाचावे. वर सांगितलेल्या लेखकांची पुस्तके बहुतेक मोठ्या वाचनालयांत मिळतात. वाचताना आवडलेला शब्द वहीत उतरवावा, वाक्य मात्र आपले आपणच घडवावे. दुसऱ्याच्या कलमाची फांदी आणून आपल्या झाडाला बांधायची असेल तर मूळ आपले जोमदार हवे.

आईवडिलांना दोन शब्द

निकालानंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील खळ्यात काथ्या सोडवीत बसले होते. ते म्हणाले, “साहेब, बक्षीस मिळालं हे बरं झालं. पण या शब्दांनी पोट भरणार आहे का? त्यापेक्षा गणित केलं तर उपयोग होईल.”

मी त्यांना खारीची गोष्ट सांगितली. म्हटले, “दादा, गणित करायलाच हवे. परंतु नीट पाहणे आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगणे, हे ज्याला येते त्याचे कुठेच अडत नाही. डॉक्टरला दुखणे सांगायचे, पंचनाम्यात नुकसान लिहायचे, बँकेत अर्ज करायचा, सगळीकडे हेच लागते. मला ते वेळेवर आले नाही, म्हणून एका माणसाचा मोहोर गेला.”

आतून आजी बाहेर आल्या. नातवाच्या निबंधात आपण चुलीशी बसलो होतो हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्या म्हणाल्या, “त्यानं लिवलं ते खरंच हाय. पण त्या रात्री मी नुसती बसले नव्हते. ह्यांच्यासाठी शेगडी करून ठेवली होती, भिजून येतील म्हणून.” मुलाने लगेच वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतले. वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने काथ्या बाजूला ठेवून म्हणाले, “आणि बांध फुटला ना, त्या भोकाला आमचे आजोबा निराळंच नाव घ्यायचे. थांब, आठवून सांगतो.”

ते नाव त्यांना त्या संध्याकाळी आठवले नाही. त्यांच्या वडिलांना विचारायचे तर ते बाजाराला गेले होते. ते परत येईपर्यंत मुलगा वही उघडी ठेवून पायरीवर बसून राहिला, आणि मीही चहाचा दुसरा कप घेऊन बसलो.

आपल्या घरातही असे एखादे नाव कोणाच्या तरी ओठांवर असेल. या आठवड्यात मुलाच्या हाती वही द्या आणि त्याला त्या माणसाजवळ बसवा. बाजाराला गेलेले आजोबा संध्याकाळी घरी येतात. परंतु ते नेहमीच येतील, असे धरून चालू नये.